जाऊबाई तक्रार द्यायला निघाल्या

माझी थोरली जाऊ कुणाला घाबरली आहे, असं मी कधी पाहिलं नव्हतं. भासरे, म्हणजे तिचे यजमान, गेले तेव्हा भाऊबंदांनी बैठक बसवून तिला सांगितलं, वावर अर्ध्या वाट्यानं, बटईनं देऊन टाक, बाईमाणसाला शेती झेपत नाही. ती डोक्यावरचा पदर सारखा करून एवढंच म्हणाली, "मले हातपाय नाहीत का?" त्यानंतर तिच्या वावरात पेरणीपासून वेचणीपर्यंत तीच उभी असायची. चुकार मजूर तिला दुरून येताना बघूनच वाकायचे.

त्यामुळे त्या दिवशी सकाळी ती मागच्या दारानं माझ्या स्वयंपाकघरात आली आणि हळू आवाजात बोलायला लागली, तेव्हा मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. मला वाटलं, नात्यातलं कुणीतरी गेलं.

"लहाने, दार लाव आधी."

"काय झालं बाई?"

"शपथ घे. कोणाले सांगशीन नाही."

मी शपथ घेतली. तिनं कमरेची पिशवी सोडून फोन काढला आणि पोळपाटावर, कणकेच्या गोळ्याशेजारी ठेवला. "हा पाह्य. हा मेला उचलून नाही राह्यला."

मेला म्हणजे फोन नव्हे, फोनपलीकडचा माणूस.

आमचं गाव उंद्री या मोठ्या गावापासून जवळ. कपाशीचा पट्टा. पेरणीच्या तोंडावरचे दिवस होते आणि त्या साली सगळ्यांना एकच वाण हवं होतं. कुणाच्या तरी वावरात त्याची पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, बोंडांनी लदलेली लोकांनी पाहिली होती. कृषी केंद्रांपुढे दिवस उगवायच्या आत रांगा लागायच्या आणि आपला नंबर येईस्तोवर माल संपलेला असायचा. बीटी कपाशी नवी आली तेव्हाचे दिवस मला चांगले आठवतात. फवारणीचं पाणी पाठीवर घेऊन घेऊन गडीमाणसं थकली होती, त्यांना जरा उसंत मिळाली. दोन-चार वर्षं घराघरात कापसाच्या गंज्या छताला टेकल्या. पोरं त्यावर उड्या मारायची आणि आम्ही ओरडायचो. पुढे गुलाबी बोंडअळी परतली. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत अळी आरामात बसलेली. भाव पडलेले, खर्च चढलेला. पाकिटं मात्र दर साली नवी, चकचकीत, आणि दर साली आमची आशाही नवी.

त्या आशेवरच कुणीतरी फोनवर जाहिरात टाकली होती. फेटा बांधलेला एक माणूस स्वतःच्या डोक्यावर गेलेल्या कपाशीत उभा. खाली लिहिलेलं: हवं ते वाण, बोंडअळी लागणारच नाही, माल घरपोच. जाऊबाईंनी चौकशीचा मेसेज टाकला. लगेच फोन आला. बोलणारा मोठा गोड. "मावशी, तुम्ही माझ्या आईसारख्या." अर्धे पैसे आधी पाठवा म्हणाला, तिनं पाठवले. पुण्याला नोकरी करणाऱ्या तिच्या पोरानं फोन घेऊन दिला होता आणि पैसे पाठवायचं शिकवलंही होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रकचा फोटो पाठवला, माल निघाला म्हणून. आणि आज सकाळी सांगितलं, गाडी चेकिंगला अडकली, उरलेले पैसे आत्ताच्या आत्ता टाका, नाहीतर माल दुसऱ्याला जाईल. तिनं तेही टाकले. तेव्हापासून फोन बंद.

"कवा टाकले?"

"आत्ता. ढोराले पाणी दाखवलं न् टाकले."

मी अंगणवाडीतून निवृत्त झालेली. शेवटच्या काही वर्षांत आम्हाला सरकारनं फोन दिले होते. लेकरांची वजनं त्या फोनात भरता भरता माझे डोळे गेले, पण फोनची भीतीही गेली. बँकेत पासबुक भरायला गेले की भिंतीवर एक कागद चिकटवलेला दिसायचा: ऑनलाइन फसवणूक झाली तर ताबडतोब या नंबरवर कळवा. सरकारी सायबर मदतीचा चार आकडी नंबर. रांगेत दुसरं वाचायला काही नसल्यामुळे तो माझा पाठच झाला होता.

"बाई, आपण तक्रार करू. आत्ताच. जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात म्हणे."

ती उठून दाराकडे गेली. "नाही नाही. पोलिसात गेलं की गावात होते. गावात झालं की पुण्याले जाते. मंग पोरगं म्हणते, आई, तुले आता समजत नाही, शेती सोड, अथी येऊन राह्य."

तेव्हा मला कळलं की ही बाई पैशांसाठी घाबरलेली नाही. तिला भीती होती ती पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीची.

मी म्हणाले, "पोराले सांगू नका. पण चोराले काऊन सोडता?"

हे तिला पटलं. "हाव. त्याले काऊन सोडू?" म्हणाली आणि परत येऊन बसली.

मी माझ्या फोनवरून नंबर लावला. आधी गाणं, मग भाषा निवडा, मग थांबा. जाऊबाई पोळपाटासमोर ताठ उभी, झेंडावंदनाला उभं राहतात तशी. एकदाचा तिकडून एक मुलगा बोलायला लागला, अगदी शांत आवाज. नाव, गाव, कुठल्या बँकेतून पैसे गेले, कुणाला गेले, किती वाजता. प्रत्येक व्यवहाराचा एक लांबलचक नंबर असतो, तो बँकेच्या मेसेजमध्ये सापडतो, हे त्यानंच आम्हाला समजावलं. कणकेच्या हातानं फोन चाळत मी तो शोधला. एकदा चुकीचा वाचला, तो पाणीपट्टीचा निघाला.

"आजींचं वय?"

"साठ," जाऊबाई लगेच म्हणाली.

"आधार कार्डावर आहे ते सांगा आजी."

ती माझ्याकडे रागानं बघत खरं वय बोलली. तो म्हणाला, "घाबरू नका आजी, तुम्ही लवकर कळवलंत, हे चांगलं केलंत." तर हिनं फोनला तोंड लावून सांगितलं, "मी घाबरली नाही. मले राग येऊन राह्यला."

थोड्याच वेळात तक्रारीचा क्रमांक मेसेजनं आला. त्या मुलानं सांगितलं होतं तसं बँकेलाही फोन करून कळवलं आणि तिचं खातं जपायला सांगितलं. आता ठाण्यात जाऊन लेखी द्यायचं होतं. मी म्हटलं, जेवून निघू. जाऊबाई घरी गेली आणि लग्नाकार्यात नेसायची जांभळी साडी नेसून आली.

"बाई, अशा साडीत?"

"ठाण्यात चाललो, भीक मागाले नाही."

एसटीत ती खिडकीशी बसली. सगळ्या रस्त्यानं ती नांगरून पडलेल्या काळ्या वावरांकडे बघत होती.

ठाण्याच्या दारात एक वयस्क हवालदार खुर्ची टाकून बसला होता. आम्हाला बघून म्हणाला, "काय हो आजी, घरातलं माणूस कुणी आलं नाही का सोबत?"

जाऊबाई म्हणाली, "आम्ही काय बकऱ्या हावो?"

तो असा हसला की खुर्ची मागे सरकली. मग त्यानंच आम्हाला आत नेलं, पंख्याखाली बसवलं आणि एका तरुण महिला पोलिसाकडे सोपवलं. ती मुलगी माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची असेल. कपाळावर घाम, समोर कॉम्प्युटर, बाजूला अर्धवट खाल्लेला डबा. तिनं डबा झाकला, आमच्यासाठी चहा सांगितला आणि जाऊबाईंना म्हणाली, "मावशी, चोरासोबत जे जे बोलणं झालं ते दाखवा."

जाऊबाईंनी फोन दिला. मुलीनं मेसेज वर-खाली केले. मधे कुठेतरी बोट लागलं आणि खोलीभर जाऊबाईंचाच आवाज घुमला. तो माणूस फोन उचलत नाही म्हटल्यावर हिनं त्याला आवाजी निरोप पाठवले होते, एक नाही, ओळीनं:

"मेल्या, तुह्या वावरात गाजरगवत उगो! तुह्या कपाशीले बोंडात बोंड अळी लागो! तुह्या विहिरीची मोटर जळो, आन् जळली की दुरुस्तीवाला न भेटो!"

पलीकडच्या टेबलावरचा लिहिणारा थांबला. दारातला हवालदार आत डोकावला. मुलीनं तोंडावर रुमाल धरला, पण तिचे खांदे हलत होते. जाऊबाईंनी पदर पुढे ओढला. लाजून तिचा चेहरा साडीच्या रंगाचा झाला होता.

"पुसून टाक व पोरी ते."

"अजिबात नाही मावशी," ती डोळे पुसत म्हणाली. "यातलं काहीच पुसायचं नाही. जाहिरात, त्याचा नंबर, ट्रकचा फोटो, बँकेचे मेसेज, सगळा पुरावा आहे. आणि हे तर मुळीच नाही."

खोली हसली आणि जाऊबाईही पदराआडून हसली. पुढचं सगळं सोपं झालं. काय घडलं ते तिनं क्रमानं सांगितलं, मुलीनं टाइप केलं, वाचून दाखवलं. एका ठिकाणी जाऊबाईंनी थांबवलं, "'मी फसले' असं नोको लिहू. 'त्यानं फसवलं' असं लिही." मुलीनं तसं बदललं. आधारची प्रत जोडली, तक्रारीचा क्रमांक लिहिला, पोच दिली.

निघताना तिनं खरं ते सांगितलं. पहिले पैसे बहुतेक पुढे निघून गेले असतील. सकाळचे मात्र चोराच्या खात्यात थोपवले गेल्याचं दिसतंय. ते मिळायचे तर कोर्टाचा आदेश लागतो, महिने जातात, आणि खात्रीनं काही सांगता येत नाही. "पण तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबला असता तर हेही नसते राहिले."

परतीच्या एसटीत जाऊबाईंचा आवाज सुटला. उंद्री येईपर्यंत तिनं शेजारच्या बाईला सगळं सांगून टाकलं. मीच शपथ पाळत गप्प बसले होते.

बियाण्याचं काय, तर दोन दिवसांनी ती कृषी केंद्राच्या रांगेत उभी राहिली आणि जे वाण मिळालं ते पक्क्या बिलावर घेऊन आली. पाऊस झाला. आम्ही तिच्या वावरात सरकी टोबत, एकेक बी मातीत दाबत होतो, आणि तिच्या कमरेचा फोन वाजला. तिनं मातीच्या हातानंच तो मोठ्या आवाजावर लावला.

"नमस्कार मॅडम, सायबर ऑफिसमधून बोलतोय. तुमचे पूर्ण पैसे परत मिळाले आहेत. फक्त प्रोसेसिंगची फी भरावी लागेल."

मी सरकीची मूठ तशीच धरून उभी राहिले. मला एक क्षण खरंच वाटलं की पैसे मिळाले. जाऊबाई सरीत कमरेवर हात ठेवून उभी होती.

"कायची फी? मी ठाण्यात गेली तं त्या पोरीनं मलेच चहा पाजला. तू कोन रे फी मागनारा?"

"मॅडम, आजच भरली नाही तर पैसे सरकारजमा होतील."

"आज, आत्ता, लवकर. हेच तो बी म्हणे. थांब, तुह्या नंबरची बी तक्रार करतो. लहाने, लिही व. सांग रे नंबर, सावकाश सांग, हिले कमी दिसते."

फोन कटला. वावरातल्या सगळ्या बाया पोट धरून हसल्या. नंबर फोनात आलेला होताच. संध्याकाळी आम्ही खरंच ठाण्यात फोन करून तो कळवला. फसलेल्या माणसाच्या मागे असे दुसरे लागतात, हे त्या मुलीनं तेव्हा सांगितलं.

आता गुपित राहिलंच कुठे होतं? तरी गावात ते फुटलं पिठाच्या गिरणीत. गिरणी चालू असली की ओरडून बोलावं लागतं. जाऊबाई माझ्या कानाशी ओरडून काहीतरी सांगत होती आणि नेमकी वीज गेली. गिरणी थांबली, पट्टा थांबला, आणि पिठानं पांढऱ्या झालेल्या त्या शांततेत तिचा आवाज घुमला: "...आन् मले फसवलं तं मी पोलिसात गेली, लाज त्याले, मले कायची?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं पीठ झटकलं. "काय पाह्यता? गेली मी पोलिसात."

कुणी हसलं नाही. पण त्या आठवड्यात माझ्या मागच्या दाराला काम लागलं. आधी आले गावातले निवृत्त गुरुजी. बराच वेळ पावसापाण्याचं बोलले आणि मग म्हणाले, "माझ्या एका मित्राच्या बाबतीत असं झालं आहे." मित्र म्हणजे तेच. त्याच फेटेवाल्यानं त्यांनाही बियाणं विकलं होतं. मग बांगड्या विकणारे चाचा आले. त्यांची उंद्रीच्या रस्त्याला दोन एकर कपाशी. ते मित्राबित्राच्या भानगडीत पडले नाहीत. "भाभी, मैं भी फस्या," म्हणाले आणि दारातच बसले. "घरमें बोल्या नही. बहू क्या सोचेगी?"

एकाच गावात तीन म्हातारी माणसं, एकाच चोरानं नागवलेली, आणि तिघांनीही आपापल्या मुलासुनांपासून लपवलेलं.

जाऊबाईंनीच काळी-पिवळी जीप ठरवली. पुढच्या सोमवारी आम्ही चौघं निघालो. गुरुजींनी फुलस्केपवर अर्ज लिहून आणला होता आणि गाडीत तो मोठ्यानं वाचायला घेतला. 'महोदय, सविनय सादर करण्यात येते की' इथून सुरुवात होती आणि दुसऱ्या पानापर्यंत चोर यायचा होता. खड्ड्यात गाडी आपटली की गुरुजी ओळ हरवायचे आणि पुन्हा महोदयांपासून सुरू करायचे. चाचा म्हणाले, "गुरुजी, चोर बुढ्ढा होके मर जाएगा, तुम्हारी अर्जी पूरी नही होगी." गुरुजी स्वतःच इतके हसले की चष्मा खाली पडला.

ठाण्यात त्या मुलीनं आमची वरात पाहिली आणि जाऊबाईंना म्हणाली, "मावशी, आता तुम्हालाच इथं टेबल देते." तिघांकडच्या जाहिराती, नंबर, खाती तिनं एकाखाली एक ठेवली. खाती जुळत होती. या दोघांनी उशीर केला होता, त्यांचे पैसे मागे यायची आशा थोडी होती. ते तिनं स्पष्ट सांगितलं. पण तीन तक्रारी एकत्र आल्या की माग काढायला बळ येतं, हेही सांगितलं. बाहेर आल्यावर चाचांनी टोपी काढून घाम पुसला. मग म्हणाले, "पैसा गया तो गया. पन सीने परका पत्थर उतरा."

उरलं पुणं. जाऊबाईंनी पोराला स्वतःच फोन लावला, माझ्या ओसरीवर बसून, मोठ्या आवाजावर. मला साक्षीला ठेवलं होतं. एका दमात सगळं सांगून तिनं शेवटी बजावलं, "आन् मी पुण्याले येनार नाही."

पलीकडून पोराचा आवाज आला, पण पडलेला. "आई, तू तक्रार कशी केलीस गं?"

तेवढ्यात मागून सूनबाई बोलली, "सांगा ना आता त्यांना तुमचं." आणि कळलं की वीजबिल भरलं नाही म्हणून लाइन कापतो, असं सांगून कुणीतरी या इंजिनिअरचं खातं धुतलं होतं. त्यानं ऑफिसात हसतील म्हणून कुठेच कळवलं नव्हतं.

जाऊबाई काय बोलेल म्हणून मी बघत राहिले. ती फोन दोन्ही हातांत धरून म्हणाली, "लेका, नंबर लिहून घे. तुही काकू सांगते. आन् भिऊ नोको, ते लोकं चांगलं बोलतात."

महिने गेले. वेचणी सुरू झाली. बोंडअळी आली, पण नेहमीपेक्षा उशिरा, म्हणून पहिली वेचणी चांगली निघाली. एके दुपारी तिला फोन आला, कोर्टाचा आदेश झालाय, कागदपत्रं घेऊन या. जाऊबाईंनी त्या बोलणाऱ्या बाईला ऐकवलं, "तुह्या नंबरची बी तक्रार करतो," आणि फोन ठेवला. पुन्हा वाजला, पुन्हा तेच. शेवटी त्या बाईनं माझ्या नंबरवर फोन लावला. ती ठाण्यातली मुलगीच होती, हसून हसून तिला बोलता येत नव्हतं. "काकू, त्यांना म्हणा, फोनवर विश्वास ठेवला नाहीत, अगदी बरोबर केलंत. तुम्ही स्वतःच या आणि खात्री करा."

आम्ही गेलो. सह्या झाल्या. अर्धे पैसे तिच्या खात्यात परत आले. बँकेतून नोंद बघून आल्याशिवाय तिनं ते मानलंच नाही.

बसस्टँडवर गाडीला अवकाश होता. तिनं गरम भजी घेतली, कागद माझ्यापुढे धरला. एवढ्या वर्षांत आम्ही दोघी एका भिंतीला दोन घरं करून राहिलो, पण बाहेर कुठे बसून असं सोबत खाल्लेलं मला आठवत नव्हतं. तळलेली मिरची तिनं माझ्याकडे सरकवली.

"तुले तिखट चालते ना व?"

"चालते बाई."

"मले माईत नव्हतं," ती म्हणाली, आणि अजून एक प्लेट सांगायला उठली.